दुसरा काटा

सोपान चौथीपर्यंत शिकलेला. काट्याची पावती त्याला वाचता यायची, सोनोग्राफीचा कागद वाचता यायचा नाही.

त्याचं गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की या भागातली गावं निम्मी रिकामी होतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात, बाकीचे बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याला जातात ते पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल मिळते ती एका कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून. दोघांतलं एक आजारी पडलं की उरला अर्धा कोयता. माणसं हत्याराच्या नावानं मोजायची ही रीत कुणी पाडली कोण जाणे, पण पुढची सगळी गोष्ट तिच्यातूनच निघते.

सोपानची टायरगाडी होती. दिवसभर त्यानं तोडायचं, कांतानं पाचट काढून वाढ्यानं मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत आणायच्या, आणि अंधार पडल्यावर सोपाननं बैल जुंपून गाडी कारखान्याच्या काट्यावर न्यायची. मजुरी टनावर. टनाला तेव्हा दोन-सव्वादोनशे रुपये मिळायचे. काटा बोलेल तेवढे पैसे.

२०१७-१८ च्या हंगामात ते सांगलीकडं होते. कारखान्याचं नाव सांगून काही साधायचं नाही. ज्यांच्या फडात तोड चालू होती त्या शेतकऱ्याला सगळे अप्पा म्हणायचे. एका संध्याकाळी भरलेल्या गाडीभोवती चक्कर मारून अप्पा म्हणाले, “सोपान, आज रस्त्याच्या काट्यावरनं जा. साठ रुपये मी देतो.” वाटेत एका भुसार व्यापाऱ्याचा खासगी काटा होता. तिथं भरल्या गाडीचं वजन आलं ३,४१० किलो. कारखान्यात तीच गाडी ३,२३० भरली. मधल्या दोन मैलांत एक कांडंसुद्धा सांडलं नव्हतं.

सोपान घाबरला. दोन्ही पावत्या अप्पांच्या हातात देऊन म्हणाला, “मालक, माझं नाव नका घेऊ.” अप्पांनी आरडाओरडा केला नाही. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेले, दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, “ह्यातलं खरं कुठलं, एवढंच सांगा.” काय उत्तर मिळालं ते सोपानपर्यंत आलं नाही. पुढच्या खेपांना वजन मात्र बरं भरायला लागलं.

आठ दिवसांनी सोपाननं स्वतःच्या खिशातले साठ रुपये मोडून पुन्हा गाडी खासगी काट्यावर घातली. या वेळी दोन्ही पावत्यांचे आकडे जुळले. तो हळहळत परत आला, साठ रुपये पाण्यात गेले म्हणून. अप्पांना हसू आलं. “पाण्यात कशानं? आज झोप लागंल न्हवं तुला!”

गावाकडं परतल्यावर सोपाननं ही हकीकत पारावर पन्नासदा तरी सांगितली असेल. कांतानं ती तितक्याच वेळा ऐकली.

कांताचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. एकविसाव्या वर्षापर्यंत तीन लेकरं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. २०१८ च्या पोळ्याच्या सुमाराला ती एकोणतीस वर्षांची होती. वर्ष-दीड वर्ष अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरत होती, आणि आता दोन महिने पाळी बारा-बारा दिवस थांबत नव्हती. फडात संडास नसतो. पाणी असतं ते चारीचं. पाळीची फडकी त्याच पाण्यात धुवायची आणि कोपीच्या मागं, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं वाळत घालायची. जिथं नजर जात नाही तिथं ऊनही जात नाही, हे बायकांना कळत नाही असं नाही. पण इलाज नसतो. दिवस भरला नाही तर मुकादम खाडा धरतो, तेव्हा दिवसाला पाचशे रुपये. म्हणून दुखणं अंगावर काढायचं. आणि सांगितलंच कुणाला, तर गावात औषध एकच होतं, सगळ्यांना पाठ झालेलं. गर्भाची पिशवी काढून टाक.

त्या साली पाऊस नव्हता. मराठवाड्यात दुष्काळ जाहीर व्हायला अजून अवकाश होता, पण विहिरींना तो आधीच कळला होता. सोपाननं उचल नेहमीपेक्षा जास्त घेतली होती. कारखान्याला जायच्या आत बायकोचं दुखणं निस्तरावं म्हणून तो तिला बाजारच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी पोटावरून मशीन फिरवलं. पाच मिनिटांत सगळं आटपलं. पिशवीला सूज आहे, गाठही आहे, पिशवी खराब झालीय. ठेवली तर उद्या कॅन्सर. “तीन मुलं झालीत ना? मग ठेवून काय करायचंय? परवा करून टाकू. पस्तीस हजार तयार ठेवा.”

परतीच्या जीपमध्ये दोघंही बोलले नाहीत. ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा कानात शिरला की त्याच्या मागचे-पुढचे शब्द ऐकू येत नाहीत.

संध्याकाळी मुकादम येऊन गेला. “देतो की पस्तीस. उचलीत धरू. उलट बरंच हाय, दर म्हयन्याचे खाडे वाचतील.” हा माणूस काही दुष्ट नव्हता. तोही एकेकाळी ऊस तोडलेलाच, आणि त्याच्या बायकोचीही पिशवी काढलेली. त्याला जे ठाऊक होतं तेच तो सांगत होता.

सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. कांता भीतभीत म्हणाली, “दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं का एकदा?” आत्याबाईंनी फुंकणी खाली ठेवली. “डाक्टर म्हंजी देव. देवाला दोनदा इचारत्यात व्हय?” खरं तर श्रावणात शेळी हरवली तेव्हा याच आत्याबाईंनी दोन गावच्या दोन देवऋषांना विचारलं होतं, आणि तिसऱ्याकडं जायच्या बेतात असताना शेळी आपणहून घरी आली होती. पण हे त्यांना सुनेनं सांगायचं नसतं.

थोरली जाऊ सुमन धुणं वाळत घालत होती. चार वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी काढली होती. ती मान न वळवता म्हणाली, “काढून टाक बाई. कटकट मिटती.”

रात्री मात्र सुमन कांताच्या वाकळेवर येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दिवसा आत्याबाई व्हत्या म्हणून तसं म्हणलं. पयल्या हंगामात बरं वाटलं मला. खाडा न्हाई, काय न्हाई. मग अंगातून वाफा निघाय लागल्या. थंडीत बी घाम फुटतो. कंबर अशी दुखती की मोळी उचलताना डोळ्याम्होरं अंधारी येती. मी एकतीस वर्षांची हाय, आन् उठताना आत्याबाईवानी गुडघ्याला हात लावती.”

“मग डॉक्टरला इचारलं न्हाई का, अक्का?”

“कोणाला इचारू? त्यानं काढली, आता त्याला काय इचारायचं?”

सकाळी कांता आशाताईकडं गेली. आशाताई गावातलीच आशा कार्यकर्ती, चार बुकं जास्त वाचलेल्या माणसासारखी उगाच बोलायची नाही. तिनं आधीच सांगून टाकलं की काढायची का ठेवायची हे तिला कळत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण एक गोष्ट तिनं नीट विचारली. “रक्त धो धो जातंय का? चक्कर येऊन पडलीस का? ताप हाय का?” कांतानं तिन्हीला नाही म्हटलं. “तसं असतं तर मी तुला म्हणले असते, आत्ताच्या आत्ता भरती हो, इचारत बसू नको. तसं न्हाई. मग चार दिवस थांबल्यानं काय बिघडतंय? परवाच कामून? अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज हाय, तिथं दाखव. पण जाताना कागद घेऊन जा.”

आता सोपानला पटवायचं होतं. तो बैलांना पाणी दाखवत होता. कांतानं विचारलं, “अवो, त्या काट्यावर साठ रुपये मोडले व्हते न्हवं तुमी?”

“कोणत्या काट्यावर?”

“सांगलीला. सोताच्या खिशातले. किती व्हता ऊस?”

“असंल अडीच-तीन टन.”

“आन् कोणाचा व्हता?”

सोपाननं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि दोराला गाठ घालत बसला. गाठ आधीच मारलेली होती. बऱ्याच वेळानं म्हणाला, “एस्टी सकाळी किती वाजता हाय?”

पण त्याआधी कागद आणायचे होते, आणि ते काम सगळ्यांत अवघड. दवाखान्यातल्या काउंटरवरची पोरगी म्हणाली की फाईल इथंच राहते. कांता बाकावर बसून राहिली. दुपारी डॉक्टर बाहेर आले, त्यांना कळलं. “काय बाई, विश्वास नाही का आमच्यावर?”

रात्रभर तिनं या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं असं नाही, ते तिथंच सुचलं. “इस्वास हाय, डॉक्टरसायेब. म्हणून तर मागाय आले. न्हाईतर न सांगताच गेले असते.”

डॉक्टरांनी पोरीला मान हलवून खूण केली. सोनोग्राफीचा कागद मिळाला.

कांताला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची सोयही नव्हती, की ती भीक मागत नव्हती. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितलं तर त्याची कागदपत्रं ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली ती त्याच २०१८ सालात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क तिच्यात स्वच्छ लिहिलेला आहे. सनद कुठल्या भिंतीवर लावली होती का? त्या दवाखान्याच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात केसपेपर काढण्यातच तासभर गेला. स्त्रीरोगाच्या ओपीडीपुढं बायकांची रांग, बाकावर जागा नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं तर दिवस मोडतो, आणि खासगीत लोक का जातात त्याचं अर्धं उत्तर या रांगेतच आहे.

रांगेत पुढं एक केजकडची बाई होती. पंचेचाळीस-शेहेचाळीस वय, चेहरा पांढराफटक. तिच्या पिशवीत नारळाएवढी गाठ होती. वर्षभर गोळ्या घेऊन झाल्या, दोनदा रक्त चढवलं, तरी पाळी आली की अंथरूण भिजायचं. तिलाही एका खासगी डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती आणि तीही दुसऱ्यांदा विचारायला आली होती. तिची आतून तपासणी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला होता त्याचा अहवाल आला होता, आणि इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काढावी लागेल. ती बाहेर आली ती रडत नव्हती. मुलाला म्हणाली, “दोघंबी तेच म्हणत्यात. आता तारीख घे.”

सोपान कांताच्या कानाशी लागला. “हिचा काटा जुळला.”

कांताचा नंबर दोन वाजता लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या. आधी कागद हातात न घेता त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाळी कोणत्या तारखेला आली, किती फडकी लागतात, गाठी पडतात का, पांढरं जातं त्याला वास येतो का, खाज आहे का. काम काय करता. पाणी कुठलं. नवऱ्याला लघवीची जळजळ होते का? कांतानं खाली मान घातली. होत होती.

मग त्यांनी आतून तपासलं. कांताला आश्चर्य वाटलं ते दुखलं याचं नाही. पिशवी काढायला निघालेल्या पहिल्या डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नव्हतं, हे तिला त्या टेबलावर पडल्या पडल्या पहिल्यांदा लक्षात आलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला औषध लावून रंग बदलतो का ते बघितलं, कॅन्सरच्या तपासणीसाठी काचेवर नमुना घेतला, रक्त काढायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं.

त्यानंतर त्यांनी सोनोग्राफीचा कागद वाचला आणि सोपानलाही आत बोलावलं.

“हे बघा. पिशवीला सूज म्हणतात ते काय? तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणारच. गाठ आहे, दीड सेंटिमीटरची. असल्या गाठी कितीतरी बायकांना असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. असल्या गाठीचा कॅन्सर होणं फार क्वचित. सहा महिन्यांनी परत बघू. तुम्हाला झालाय तो जंतुसंसर्ग. गोळ्या दोघांनी घ्यायच्या.”

“दोघांनी?” सोपान चपापला.

“दोघांनी. हिनं एकटीनं घेतल्या तर महिन्यानं पुन्हा माझ्याकडं याल. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या. पाळी ताब्यात यायला तीन महिने वेगळ्या गोळ्या. नाहीच फरक पडला तर पिशवीत बसवायची औषधाची तांबी असते, ती बघू. काचेवरच्या नमुन्याचा अहवाल आठ-दहा दिवसांत मिळेल, तो घ्यायला यायचंच.”

“म्हंजी त्या डॉक्टरनं खोटं सांगितलं?” सोपानचा आवाज चढला होता. त्याला आता कुणाशी तरी भांडायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. “ते मला माहीत नाही. पिशवी काढावी लागते कधी कधी. आत्ताच त्या मावशींना मी तेच सांगितलं, ऐकलंत ना? तुमच्या बायकोला आज लागत नाही, एवढं मी सांगू शकते. ही एकोणतीस वर्षांची आहे. पिशवीबरोबर अंडाशयं गेली तर हाडं आत्तापासून ठिसूळ व्हायला लागतील. आणि हिला तर मोळ्या उचलायच्यात.”

कांताला सुमनचं ते गुडघ्याला हात लावून उठणं आठवलं.

नमुन्याचा अहवाल साफ आला. गोळ्यांनी पांढरं जायचं थांबलं, कंबर थोडी हलकी झाली, पाळी तिसऱ्या महिन्यात पाच दिवसांवर आली.

इथं गोष्ट संपवता आली असती, आणि बोधकथा सांगणारे बहुतेक जण इथंच संपवतात. पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून फडात संडास उगवत नाही. त्या हंगामात कांता आजारी पडली नाही, तरी पाळी येत राहिली, आणि दोन वेळा तिला उठवेना. मुकादमानं चार खाडे धरले. दोन हजार रुपये. पिशवी असण्याची किंमत त्याच्या वहीत अशी रोखीनं लिहिली गेली. सोपाननं त्या वेळी तोंड वाकडं केलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मला विचाराल तर दुखणं त्या बायकांच्या पोटात कमी आणि त्या वहीत जास्त आहे. दुसरं मत घेऊन बाईचं शरीर वाचतं. वही तपासणारा दुसरा काटा कुठं मिळतो, ते मला ठाऊक नाही.

आणि सुमन. कांता अंबाजोगाईहून परत आली त्या रात्री सुमन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ती एवढंच म्हणाली, “मला कामून न्हाई नेलं कुणी?” यावर घरात कुणाकडंच उत्तर नव्हतं. आत्याबाई उठून आत गेल्या. चार वर्षांपूर्वी सोपान तिथंच होता, त्याचा भाऊ तिथंच होता, आशाताई तिथंच होती. काटाही तिथंच होता, पण उसासाठी.

काचेचा अहवाल आणायला कांता गेली तेव्हा सुमनला बरोबर घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का?” सुमनला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. “सुट्टी होताना कागद दिला असेल?” कागद होता. लुगड्याच्या घडीत, पत्र्याच्या पेटीत, चार वर्षं. पुढच्या खेपेला तिनं तो आणला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि बोट ठेवून दाखवलं. दोन्ही अंडाशयं काढली होती.

सुमननं कागद परत घेतला, घडी घातली. “आन् मी समजत व्हते, मलाच कशानं तरी झपाटलंय.” तिला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, वाफांवर औषध मिळालं, जड उचलायचं नाही असं सांगितलं गेलं. जड उचलायचं नाही हे ऐकून ती हसली.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय वर्तमानपत्रांतून विधिमंडळापर्यंत गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, गावोगावी पाहणी झाली. बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असं ठरलं. दुसरा काटा सरकारनंच मधे बसवला म्हणायचा.

पाहणीच्या बायका धारूरकडच्या त्या घरी आल्या तेव्हा दोन्ही जावा ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. कांताचं लवकर आटपलं. सुमननं विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, मग सूप बाजूला ठेवून उठली, पेटी उघडली आणि घडीचा कागद आणून त्यांच्या हातात दिला. “ह्ये बी लिवा. दोन्ही अंडाशयं बी काढलीत. मला सांगितलं नव्हतं.”

त्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सुमन त्यांतली एक.